शस्त्रक्रिया यशस्वी झाल्यानंतर

केपटाऊनच्या ग्रूट शूर रुग्णालयात ३ डिसेंबर १९६७ रोजी डॉ. ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी एका माणसाचे हृदय दुसऱ्या माणसाच्या छातीत बसविले, तेव्हा साऱ्या जगाचे लक्ष त्या नव्या हृदयाच्या ठोक्यांकडे लागले होते. अठरा दिवसांनी तो रुग्ण दगावला. परंतु त्याला दगा दिला तो हृदयाने नव्हे. ते अखेरपर्यंत व्यवस्थित चालत होते. परक्या अवयवाला शरीराने नाकारू नये म्हणून दिलेल्या औषधांनी त्याची प्रतिकारशक्ती क्षीण झाली होती, आणि फुप्फुसांत शिरलेल्या जंतूंना रोखणारे तेथे कोणी उरले नव्हते. मृत्यूचे कारण न्यूमोनिया हे होते. पुढल्याच फेब्रुवारीत मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी हृदयरोपणाचे धाडस केले. तो रुग्ण काही तासच जगला.

अवयव कापणे, जोडणे व त्यातून रक्त खेळते करणे हीच त्या काळी मोठी अडचण वाटत होती. आज ती बव्हंशी दूर झाली आहे. २०२३ या एका वर्षात भारतात अठरा हजारांहून अधिक अवयवांचे रोपण झाले. त्यांत बहुसंख्य मूत्रपिंडे होती, आणि त्यांतील बहुतेक जिवंत दात्यांनी, म्हणजे घरातल्याच माणसांनी, दिलेली होती. या दात्यांत स्त्रियांची संख्या अधिक आहे, ही गोष्टही लक्षात ठेवण्यासारखी आहे. परंतु केपटाऊनने शिकविलेला धडा अजून पुरता गिरविला गेलेला नाही. रोपण झालेल्या रुग्णाच्या फुप्फुसांत विरळा आढळणारी बुरशी शिरली की काय होते, हे पाहिले म्हणजे या धड्याचे गांभीर्य ध्यानात येते.

बुरशीनेच दिलेले शस्त्र

परक्याचा अवयव शरीर सहजासहजी स्वीकारत नाही. डिसेंबर १९५४ मध्ये बोस्टन येथे डॉ. जोसेफ मरे यांनी केलेले मूत्रपिंडाचे रोपण यशस्वी झाले, याचे कारण दाता व रुग्ण हे एकसारखे जुळे भाऊ होते. एकाचे मूत्रपिंड दुसऱ्याच्या शरीराला परके वाटलेच नाही. असा जुळा भाऊ प्रत्येकाच्या नशिबी नसतो. तेव्हा इतरांसाठी मार्ग एकच होता: शरीराच्या पहारेकऱ्यांना औषधांनी गुंगी आणावयाची.

या औषधांचा इतिहास मोठा चमत्कारिक आहे. नॉर्वेतील हार्डांगर पठारावरून आणलेल्या मातीत स्वित्झर्लंडच्या सँडोझ कंपनीला एक बुरशी सापडली. रोगकारक बुरशीवर एखादे नवे औषध मिळते काय, या शोधात असताना तिच्यातून सायक्लोस्पोरिन हाती आले. बुरशी मारण्याच्या कामी ते यथातथाच ठरले. परंतु १९७२ च्या सुमारास प्रतिकारशक्ती दडपण्याचा त्याचा गुण उघडकीस आला, आणि १९८३ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाल्यानंतर रोपणशास्त्राचे युगच पालटले. ईस्टर बेटावरच्या मातीतील एका सूक्ष्मजीवापासून सुरेन सहगल या भारतीय वंशाच्या शास्त्रज्ञाने कॅनडात शोधून काढलेले सिरोलिमस हेही आरंभी बुरशीनाशक म्हणूनच अभ्यासले गेले होते. रोपणानंतर सर्रास दिले जाणारे मायकोफेनोलेट हेदेखील मूळचे पेनिसिलियम या बुरशीकडूनच आलेले. बुरशीवरचे औषध शोधता शोधता माणसाला जे शस्त्र मिळाले, त्याच शस्त्राने शरीराचे दार बुरशीसाठी किलकिले करून ठेवले, असे म्हणावे लागते.

दुर्मीळ, पण कोणासाठी?

बुरशीचे बीजाणू हवेत सर्वत्र असतात. उकिरडा, शेणखत, ओलसर कडब्याची गंजी, धान्याचे कोठार, पाडकाम चाललेली जुनी इमारत या सर्व ठिकाणी त्यांची दाटी असते. ॲस्परजिलस या बुरशीचे शेकडो बीजाणू प्रत्येक माणूस दररोज श्वासावाटे आत घेतो आणि त्याला काहीही होत नाही, कारण फुप्फुसांतील भक्षक पेशी ते तत्काळ फस्त करतात. रोपण झालेल्या माणसात हा पहारा ढिला पडलेला असतो. बीजाणू रुजतो, त्याला तंतू फुटतात आणि ते तंतू रक्तवाहिन्यांच्या भिंती भेदून आत घुसतात. वाहिनी तुंबते, पुढचा भाग मृत होतो आणि त्या मृत भागात औषधही पोचत नाही.

अमेरिकेतील पंधरा केंद्रांत २००१ ते २००६ या काळात सुमारे सतरा हजार रुग्णांची जी पाहणी झाली, तिच्यात रोपणानंतरच्या पहिल्या वर्षात शरीरात खोलवर शिरलेल्या सर्व प्रकारच्या बुरशीची बाधा सरासरीने ३.१ टक्के रुग्णांना झाल्याचे दिसले. मूत्रपिंडाच्या बाबतीत हे प्रमाण १.३ टक्के होते. फुप्फुसांच्या रोपणात ते ८.६ टक्क्यांवर गेले होते. ॲस्परजिलसची बाधा झालेल्यांपैकी वर्षभरानंतर केवळ ५९ टक्के रुग्ण हयात होते. या बाधांतही म्यूकर वर्गातील बुरशी, फ्युझॅरियम, सीडोस्पोरियम, लोमेंटोस्पोरा अशा बुरशींचा वाटा लहान होता.

हे आकडे जसेच्या तसे आपल्याकडे लावता येणार नाहीत. आपली हवा वेगळी, धूळ वेगळी आणि मुख्य म्हणजे आपल्याकडे मधुमेहाचा प्रादुर्भाव मोठा. रक्तातील वाढलेली साखर म्यूकर बुरशीला मानवते. रोपणानंतर द्यावी लागणारी स्टेरॉइडे आणि टॅक्रोलिमस ही औषधे पूर्वी मधुमेह नसलेल्या रुग्णातही तो निर्माण करू शकतात. म्हणूनच पाश्चात्त्य ग्रंथांत ‘दुर्मीळ’ म्हणून नोंदलेला म्यूकरचा आजार भारतीय रुग्णालयांना तितकासा दुर्मीळ राहिलेला नाही.

खोकला आणि क्षयाचा संशय

समजा, मराठवाड्यातील एका गावच्या शाळेत शिकविणारा चाळिशीचा शिक्षक आहे. दोन-तीन वर्षे डायलिसिसवर काढल्यावर आईने त्याला आपले एक मूत्रपिंड दिले. पुण्या-मुंबईच्या रुग्णालयात शस्त्रक्रिया उत्तम पार पडली. तो गावी परतला, शाळेतही जाऊ लागला. चौथ्या महिन्यात बारीक ताप, कोरडा खोकला आणि छातीत कळ सुरू झाली. एके दिवशी थुंकीत रक्ताचा तांबडा धागा दिसला.

तालुक्याच्या डॉक्टरांनी क्ष-किरण चित्र काढले आणि वरच्या भागातील डाग पाहून क्षयाची शंका घेतली. यात त्यांना दोष देता येणार नाही. आपल्या देशात क्षय मुबलक आहे आणि रोपण झालेल्यांत तो अधिकच आढळतो. परंतु केवळ संशयावरून क्षयाची नेहमीची औषधे सुरू केली, तर एक वेगळेच संकट ओढवते. त्यांतील रिफॅम्पिसिन हे औषध यकृताला इतके चेतविते की टॅक्रोलिमसचा निचरा झपाट्याने होऊ लागतो. रक्तातील त्याची पातळी घसरली की शरीर आईचे मूत्रपिंड नाकारू लागते. पुढे बुरशीचे निदान झालेच, तर तिच्यावरचे व्होरिकोनॅझोलही रिफॅम्पिसिनमुळे निष्प्रभ होते. अशा रीतीने तीन-चार आठवडे निघून जातात, आणि या आजारात तीन-चार आठवडे म्हणजे पुष्कळदा सर्व काही.

येथे खरी गरज असते ती सीटी स्कॅनची, श्वासनलिकेत दुर्बीण घालून फुप्फुसाचे धुवण घेण्याची आणि ते धुवण सूक्ष्मदर्शकाखाली पाहणाऱ्या जाणकार डोळ्यांची. ॲस्परजिलसचे तंतू बारीक, पेरापेरांचे असतात आणि त्यांना लघुकोनात फांद्या फुटतात. म्यूकरचे तंतू रुंद, फितीसारखे, बहुधा पेरे नसलेले आणि काटकोनात फुटणारे असतात. काचपट्टीवरचा हा फरक शिकलेल्या माणसाला तासाभरात सांगता येतो, आणि त्यावर पुढील सर्व उपचार अवलंबून असतात. ॲस्परजिलसवर व्होरिकोनॅझोल हे उत्तम औषध. म्यूकरवर मात्र त्याचा काडीचाही उपयोग होत नाही. उलट सीडोस्पोरियमवर व्होरिकोनॅझोल चालते, पण ॲम्फोटेरिसिनचा भरवसा धरता येत नाही. लोमेंटोस्पोरा तर उपलब्ध औषधांपैकी जवळजवळ कोणालाच दाद देत नाही. ॲस्परजिलसचा माग काढणारी गॅलॅक्टोमॅनन चाचणी म्यूकरच्या बाबतीत गप्प बसते. तेव्हा ती नकारार्थी आली म्हणून बुरशी नाहीच, असेही म्हणता येत नाही. या आजारात रोगाचे नाव अचूक घेणे हाच अर्धा उपचार होय.

मूत्रपिंड की प्राण?

निदान झाले तरी वाट सोपी नसते. बुरशीची पेशी ही जिवाणूच्या पेशीपेक्षा माणसाच्या पेशीला अधिक जवळची आहे. त्यामुळे तिला मारील पण माणसाला इजा करणार नाही, असे औषध मिळणे अवघड असते. दोघींत जो थोडा फरक आहे, त्यावरच औषधांची सारी भिस्त आहे. माणसाच्या पेशींच्या आवरणात कोलेस्टेरॉल असते, बुरशीच्या आवरणात एर्गोस्टेरॉल. ॲम्फोटेरिसिन-बी या एर्गोस्टेरॉलला चिकटून बुरशीची पेशी निकामी करते. व्हेनेझुएलातील ओरिनोको नदीच्या परिसरातील मातीतल्या सूक्ष्मजीवापासून १९५० च्या दशकात मिळालेले हे औषध कित्येक वर्षे एकमेव आधार होते. त्याचा दोष एवढाच, की ते मूत्रपिंडाला घातक ठरते. ज्याला मोठ्या सायासाने मूत्रपिंड मिळाले, त्याचा जीव वाचविण्यासाठी त्याच मूत्रपिंडावर घाव घालण्याची पाळी डॉक्टरांवर येई. मेदाच्या सूक्ष्म गोलकांत गुंडाळलेले, म्हणजे लायपोसोमल स्वरूपातील, ॲम्फोटेरिसिन आल्यानंतर हा धोका पुष्कळ कमी झाला. नाहीसा झाला नाही.

२००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय चाचणीने चित्र बदलले. ॲस्परजिलसची बाधा झालेल्या रुग्णांत बारा आठवड्यांनंतर जिवंत असलेल्यांचे प्रमाण व्होरिकोनॅझोल घेणाऱ्यांत सुमारे ७१ टक्के होते, तर जुन्या ॲम्फोटेरिसिनने उपचार केलेल्यांत ५८ टक्के. पुढे पोसाकोनॅझोल आणि आयसॅव्हुकोनॅझोल ही म्यूकरवरही चालणारी औषधे आली. तथापि या कुळातील औषधांची दुसरी खोड आहे. टॅक्रोलिमसचा निचरा करणारी यकृतातील यंत्रणा ती कमीअधिक प्रमाणात रोखून धरतात. रिफॅम्पिसिनच्या अगदी उलट प्रकार! व्होरिकोनॅझोल सुरू करताना टॅक्रोलिमसची मात्रा एकतृतीयांशावर आणावी लागते. न आणली, तर रक्तात त्याचा साठा वाढून मूत्रपिंडावर विषारी परिणाम होतो. आणि व्होरिकोनॅझोल थांबविताना ती पुन्हा वाढविण्याचा विसर पडला, तर अवयव नाकारला जातो. व्होरिकोनॅझोलचीही गोष्ट अशीच. सारख्याच मात्रेने एकाच्या रक्तात ते अपुरे पडते, तर दुसऱ्याच्या रक्तात जादा होऊन यकृताला त्रास देते, दृष्टीत बिघाड करते वा भ्रम उत्पन्न करते. रक्तातील दोन्ही औषधांची पातळी वारंवार मोजल्यावाचून हा तोल सांभाळणे केवळ अशक्य आहे. आणि हा प्रकार आठवड्याभराचा नव्हे. उपचार कित्येक आठवडे, प्रसंगी कित्येक महिने चालतो.

म्यूकरच्या बाबतीत औषधे पुष्कळदा पुरी पडत नाहीत. बुरशीने मारलेला फुप्फुसाचा भाग, शक्य असेल तर, शस्त्रक्रियेने काढावा लागतो. त्याच वेळी सर्वांत कठीण निर्णय समोर उभा राहतो: प्रतिकारशक्ती दडपणारी औषधे कमी करावयाची काय, आणि किती? ती कमी केल्याखेरीज शरीर बुरशीशी झुंजू शकत नाही. कमी केली तर अवयव गमावण्याची भीती. मूत्रपिंडाच्या रुग्णाला निदान परतीची एक वाट असते. मूत्रपिंड सोडून देऊन डायलिसिसवर परत जाता येते. हृदय, यकृत किंवा फुप्फुस मिळालेल्या रुग्णाला तीही वाट नसते. आईने दिलेले मूत्रपिंड सोडून द्या, असे त्या शिक्षकाला आणि त्याच्या आईला सांगण्याचा प्रसंग ज्या डॉक्टरवर येतो, त्याला हा केवळ औषधशास्त्राचा प्रश्न राहत नाही. निदान वेळेवर झाले असते, तर तो प्रसंग कदाचित आलाही नसता, ही गोष्ट मात्र सर्वांना जाचत राहते.

महाराष्ट्राचे देणे आणि २०२१ चा अनुभव

बुरशीविरोधी औषधांच्या क्षेत्रात महाराष्ट्र अगदीच परका नाही. पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्स या सरकारी कारखान्यात डॉ. एम. जे. तिरुमलाचार व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० च्या दशकात हॅमायसिन हे बुरशीनाशक शोधून काढले. ते ज्या सूक्ष्मजीवापासून मिळाले, त्याच्या शास्त्रीय नावातही पिंपरीचे नाव गोवलेले आहे. पुढे लायपोसोमल ॲम्फोटेरिसिनचे भारतीय रूप विकसित करण्याच्या कामात मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. नीलिमा क्षीरसागर यांनी महत्त्वाचा वाटा उचलला. ज्या रुग्णालयात १९६८ मध्ये हृदयरोपणाचा प्रयत्न झाला, त्याच रुग्णालयात रोपणोत्तर संकटावरील एका औषधाची जडणघडण व्हावी, हा योगायोग बोलका आहे.

असे असूनही २०२१ च्या उन्हाळ्यात काय घडले, ते सर्वांनी पाहिले आहे. करोनाच्या दुसऱ्या लाटेत स्टेरॉइडांचा सढळ वापर आणि आवाक्याबाहेर गेलेला मधुमेह यांच्या संयोगाने म्यूकरने हजारो लोकांना ग्रासले. महाराष्ट्र व गुजरात ही राज्ये त्यात आघाडीवर होती. मे महिन्यात केंद्राने राज्यांना या आजाराची नोंद सक्तीची करण्यास सांगितले. ॲम्फोटेरिसिनच्या कुप्या राज्याराज्यांना वाटून देण्याची वेळ आली. नातेवाईक चिठ्ठ्या घेऊन दुकानोदुकानी फिरत होते. जून महिन्यात त्या औषधावरील वस्तू व सेवा कर काही काळापुरता माफ झाला. ‘काळी बुरशी’ हा शब्द तेव्हा घरोघरी पोचला. लाट ओसरली आणि शब्दही विसरला गेला. रोपण झालेले रुग्ण मात्र त्या लाटेच्या आधीही या बुरशीच्या छायेत जगत होते आणि आजही जगत आहेत.

काय करावयास हवे

जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२२ मध्ये प्रथमच एकोणीस रोगकारक बुरशींची अग्रक्रमसूची प्रसिद्ध केली. अतिगंभीर गटात ॲस्परजिलस फ्युमिगेटसचा आणि त्याखालच्या गटात म्यूकर वर्गाचा समावेश आहे. सूचीचा हेतू संशोधनाला व शासनांना जाग आणण्याचा आहे. आपल्याकडे ही जाग कोठून सुरू व्हावी, हे ठरविणे फारसे कठीण नाही.

अवयवरोपणासाठी रुग्णालयांना १९९४ च्या कायद्यानुसार नोंदणी करावी लागते आणि ठराविक मुदतीने तिचे नूतनीकरणही करावे लागते. त्या वेळी बुरशीचे निदान करणारी प्रयोगशाळा व रक्तातील औषधांची पातळी मोजण्याची सोय प्रत्यक्ष चालू आहे काय, आणि तिचा अहवाल किती दिवसांत हाती येतो, हे कसोशीने पाहिले जावे. प्रत्येक रुग्णालयाला स्वतःची प्रयोगशाळा परवडणार नाही, हे मान्य. परंतु दोन-तीन जिल्ह्यांना मिळून एक प्रयोगशाळा वैद्यकीय महाविद्यालयात उभी करणे आवाक्याबाहेरचे नाही. काचपट्टी वाचणारा तज्ज्ञ घडविण्यास यंत्रांपेक्षा वेळ अधिक लागतो. म्हणूनच ते काम आज सुरू होणे अगत्याचे आहे. चंडीगडच्या पदव्युत्तर वैद्यकीय संस्थेने या विषयात जे नाव मिळविले आहे, ते पाहता आपल्याकडे हे जमणार नाही, असे म्हणण्यास जागा उरत नाही.

दुसरी गोष्ट तालुक्याच्या डॉक्टरांची. रोपण झालेल्या प्रत्येक रुग्णाजवळ एक साधे कार्ड असावे: कोणती औषधे चालू आहेत, रिफॅम्पिसिन व बुरशीविरोधी औषधे केंद्राला विचारल्यावाचून सुरू वा बंद करू नयेत, आठवड्याहून अधिक टिकलेल्या ताप-खोकल्यास ताबडतोब केंद्राकडे पाठवावे. याला खर्च जवळजवळ नाही. स्वस्त उपायांचे सामर्थ्य कमी लेखू नये. न्यूमोसिस्टिस हा सूक्ष्मजीव बुरशीच्या वर्गात मोडतो, हे १९८८ मध्ये सिद्ध झाले. रोपण झालेल्यांच्या फुप्फुसांना त्याची मोठी भीती असे. पहिले काही महिने कोट्रायमॉक्साझोलच्या साध्या गोळ्या दिल्याने ती पुष्कळ अंशी दूर झाली आहे. रुग्णालयात बांधकाम वा पाडकाम चालू असताना या रुग्णांना धुळीपासून दूर ठेवणे, त्यांनी कडबा, खत व पडीक घर यांच्या जवळ न जाणे, गेल्यास नाकातोंडाला घट्ट मुखपट्टी बांधणे, या गोष्टीही अशाच साध्या आहेत.

तिसरी गोष्ट शेतीशी संबंधित आहे. व्होरिकोनॅझोलच्याच कुळातील बुरशीनाशके पिकांवर व फळबागांवर फवारली जातात. या फवारणीतून ॲस्परजिलसमध्ये औषधाला न जुमानणारे वाण निपजतात, असे युरोपात प्रथम दिसले. २०१२ मध्ये डॉ. अनुराधा चौधरी व त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतातही असे वाण दाखवून दिले. द्राक्षावरील भुरीला आवर घातला नाही, तर बागाईतदार बुडतो, हे खरे. तेव्हा प्रश्न बंदीचा नाही. कोणते औषध शेतासाठी आणि कोणते माणसासाठी राखावयाचे, याचा विचार कृषी व आरोग्य या दोन खात्यांनी एकत्र बसून करावा, एवढीच अपेक्षा आहे.

अवयवरोपणाची बातमी वर्तमानपत्रात येते ती शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या दिवशी. डॉक्टरांचे अभिनंदन होते, दात्याचे कौतुक होते, आणि ते योग्यच आहे. परंतु आपल्या शरीराचा एक भाग मुलाला देणाऱ्या आईच्या दृष्टीने त्या दिवशी काहीच संपलेले नसते. तिने आपला वाटा उचललेला असतो. चौथ्या महिन्यात मुलाला खोकला येईल, तेव्हा त्या खोकल्याचे खरे नाव तीन दिवसांत सांगणारा माणूस जवळच्या जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत बसलेला असावा, हा समाजाचा वाटा होय. तो उचलला जात नाही, तोवर यशस्वी शस्त्रक्रियांचे आकडे कितीही वाढले, तरी त्यांतील यश अपुरेच राहणार.